बैलाला शिरेतली सुई घाईनेच द्यावी

कास्तकार बंधूंनो, पोळा आठ दिवसांवर आलेला असताना बैलाला ताप भरला, तर तालुक्याच्या पशुवैद्यकाची वाट पाहण्याचा बावळटपणा करू नये. मोटारसायकलच्या डिकीत ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची बाटली घेऊन फिरणारा सुईवाला आपल्या गावात असतोच. त्याला पुढचा गोठा गाठायचा असल्यामुळे, सगळी मात्रा मानेच्या शिरेत एका दमात रिचवण्याची मुभा त्याला द्यावी. शिरेतून हळूहळू द्यावे, अशी बारीक अक्षरांतली सूचना ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचावी.

शंकेखोरांसाठी थोडे शास्त्रही सांगून ठेवतो. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखवून दिले की, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय लवकरच थांबते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणातले मात्र चालू राहते, कारण त्या पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. पायाचा स्नायू स्वतःच्या कोठारातल्या कॅल्शियमवर भागवतो. हृदयाला मात्र प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडे कॅल्शियम आत यावे लागते, तेव्हा कुठे आतला साठा मोकळा होऊन तंतू आकसतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन नेमके याच कॅल्शियमला धरून बसते. सावकाश दिले तर ते रक्तात पातळ होते आणि शरीर तूट भरून काढते. घाईने दिले तर दाट औषध थेट हृदयावर जाऊन पोहोचते, आकुंचन दुबळे होते, रक्तदाब उतरतो आणि बैल गुडघ्यांवर येतो. (काही बाटल्यांत औषध विरघळवायला वापरलेले प्रॉपिलीन ग्लायकोलही या कामात हातभार लावते, तेव्हा सगळे श्रेय एकट्या औषधाला देणे अन्यायाचे ठरेल.) आजवर आपल्याला चुना लावणारे पुष्कळ भेटले, रक्तातला चुना काढून नेणारा हा पहिलाच.

बैल खाली बसला की नजर लागली असे जाहीर करावे आणि मिरच्या ओवाळून टाकाव्यात. एवढ्यात कोणी जाणता म्हणेल की कॅल्शियम कमी पडले, तर गाईच्या दुग्धज्वरासाठी (व्यायल्यावर रक्तातले कॅल्शियम घटून होणाऱ्या आजारासाठी) ठेवलेली कॅल्शियमची बाटली काढावी आणि तीही शिरेत तशीच भराभरा सोडावी. कॅल्शियम एकदम वाढले तरी ठोके बिघडून हृदय बंद पडते, त्यामुळे उण्याने थांबू पाहणारे हृदय अधिकाने थांबते, आणि सुईवाल्याला पैसे दोन्ही बाटल्यांचे मिळतात.