त्याचा आवाज कमी करू नका

परवा अमेरिकेत मराठी शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या शाळेतली मुलं चार गावांत विखुरलेली, आणि गणपतीत त्यांचं संगीत नाटक ऑनलाइन करायचंय. "तुम्ही लॉकडाउनमध्ये केलं होतंत ना, कसं जमवलंत?" तासभर बोललो, तरी मुख्य गोष्ट सांगायची राहून गेल्यासारखी वाटली. म्हणून इथे लिहितेय.

आमची सांगली म्हणजे विष्णुदास भाव्यांचं गाव. १८४३ साली त्यांचं 'सीतास्वयंवर', मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, इथेच झालं. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, आमच्या शाळेत मुलांचं नाटक ठरलेलं. २०२० ला शाळा बंद, पण मुलं ऐकेनात. विषय त्यांनीच काढला, आदल्या वर्षीचा महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा यातली कितीतरी पोरं घर सोडून पाहुण्यांकडे राहिली होती. संवाद त्यांनी लिहिले, चाली मी लावल्या.

पहिल्या तालमीला झूमवर सगळ्यांना एकदम गायला सांगितलं आणि नुसता गलका झाला. सभागृहात दहा मीटरवरच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत यायला सेकंदाच्या तिसाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो, तेवढं कान सांभाळून घेतो. नेटवर त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि प्रत्येकाकडे वेगळा. त्यातून पेटीचा धरलेला सूर झूमला गोंगाट वाटतो, तो कापूनच टाकला जातो. (सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करा. मैत्रिणीला हे सर्वात आधी सांगितलं.)

मग आम्ही थेट भाव्यांच्या पद्धतीवर गेलो. त्यांच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा आणि सोंगं त्यावर अभिनय करायची. पात्रांनी आपापली पदं स्वतः गायची, ही रीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून रुजली. आमची सूत्रधार एक सातवीतली मुलगी. तिचा एकटीचा माइक सुरू, बाकीचे म्यूट, चेहरे आणि हातवारे त्यांचे. पोरांना ते पहिल्याच दिवशी जमलं.

समूहगीताला मात्र ही युक्ती चालेना. पाणी चढतानाचं गाणं सगळ्यांनीच म्हणायचं होतं, म्हणजे ते आधी रेकॉर्ड करणं आलं. मी पेटी आणि तबल्याचा ठेका भरून पाठवला, सुरुवातीला एक टाळी. मुलांनीही त्याच टाळीवर टाळी द्यायची, म्हणजे नंतर सगळे आवाज एकावर एक बसवता येतात. एका फोनवर इयरफोन लावून ऐकायचं, दुसऱ्यावर गायचं. पण दोन फोन किती घरांत असतात? कुणी शेजारच्या काकूंचा आणला, कुणी मामाचा. आठवीतल्या एका मुलाच्या घरी एकच फोन, तोही वडील रात्री नऊला कामावरून आले की मिळायचा. दुसरा त्याने घरमालकांकडून मागून आणला. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरची शिट्टी आहे आणि शेवटी आईचा दबका आवाज, "झालं का रे?"

नेमका तोच बेसूर लागला. एडिटिंगला मदत करणारा आमचा माजी विद्यार्थी म्हणाला, "बाई, याचा आवाज अगदी खाली घेऊ का? कुणाला कळणार पण नाही."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हा मुलगा वर्गात कधी बेसूर वाटला नव्हता. वर्गात त्याच्या शेजारी खड्या आवाजाचा मित्र बसायचा. समूहात मुलं पेटीला धरून गात नाहीत, शेजारच्याला धरून गातात. तो शेजार आपणच काढून घेतला, आणि आता त्याचा आवाजही काढून घ्यायचा? आणि 'कुणाला कळणार नाही' हे तर साफ चूक. रेकॉर्डिंग हाती आलं की प्रत्येक मूल सर्वात आधी स्वतःचा आवाज शोधतं.

आम्ही मग पाच पक्क्या गळ्यांचे आवाज एकत्र केले आणि ती फाइल त्याला आणि आणखी सहा जणांना पाठवली. कानात आता पेटीसोबत वर्गातली पोरं होती. एका रात्रीत त्याचं नवं रेकॉर्डिंग आलं. अंतऱ्यात थोडा उतरतो, पण स्थिर आहे, आणि पहिल्या वेळेपेक्षा मोकळा गातोय. ते तसंच्या तसं घेतलं, इतरांच्याच पातळीवर.

ऑनलाइन नाटक बसवणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. व्हिडिओ गुळगुळीत करण्याच्या नादात एकाही मुलाचा आवाज खाली ओढू नका. आई-बाबांना, संस्थेला, पाहुण्यांना छान दिसावं म्हणून हे होतं, मी पाहिलंय. सुराला कच्चं असलेलं मूल एरवी एकटं कधी गाणार? समूहगीत ही त्याची एकमेव हक्काची जागा आहे. वेळ कमी असेल तर एक प्रवेश गाळा. बॅकग्राउंडची चित्रं नकोत, टायटल्स नकोत. पण मुलांना एकमेकांचा आवाज कानात मिळेल एवढी खटपट कराच.

प्रयोग रात्री साडेनऊला ठेवला, त्या मुलाच्या हाती फोन नऊनंतरच यायचा म्हणून. नाटक ३५ मिनिटांचं, कारण फुकटातलं झूम ४० मिनिटांनी बंद पडायचं. समूहगीत लागलं तेव्हा त्याच्या चौकटीत आई, धाकटी बहीण आणि कामाचे कपडेही न बदललेले वडील दाटीवाटीने बसले होते. दुसऱ्या कडव्याला वडील पुढे झुकले आणि त्यांनी फोनला कान लावला. गाणं संपेपर्यंत आम्हा सगळ्यांना त्या चौकटीत फक्त त्यांचा कान दिसत होता.