घराभोवतीचं काँक्रीट : उंची रस्त्यावरून नको, जोत्यावरून ठरवा

पावसाळा जवळ आला की इंदूरच्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत बहुतेकांनी तो वाचला असेल. थोडक्यात तो असा : घराच्या चारही बाजूंनी पक्कं काँक्रीट करा, ते जोत्याच्या वर चार बोटं चढवा आणि भिंतीला घट्ट भिडवा, म्हणजे काँक्रीटखालची जमीन कोरडी होते आणि ओल कायमची बंद. वाळवी काँक्रीट खात नाही, त्यामुळे तीही येणार नाही. रस्ता उंच झाला असेल तर अंगणही तेवढंच उचला.

यातलं एक खरं आहे. घराभोवती पक्की पट्टी हवीच, अडीच-तीन फूट रुंद, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरत नाही. पण उंचीबद्दल जे लिहिलंय ते उलटं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून चांगली कोरडी घरं लोक पैसे मोजून ओली करून घेत आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी ‘जोत्याच्या वर चार बोटं’. विटांची भिंत जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने वर ओढते. ते अडवायला जोत्याच्या माथ्यावर डीपीसी (डॅम्प प्रूफ कोर्स) घालतात : साधारण दीड इंच जाडीचा, वॉटरप्रूफिंगचं औषध मिसळलेल्या काँक्रीटचा थर. त्याच्या खालची वीट ओली राहिली तरी चालते, वरची कोरडी राहिली पाहिजे. आता बाहेरचं काँक्रीट या थराच्या वर नेलं की डीपीसी असून नसल्यासारखी होते. ओल तिला वळसा घालून काँक्रीटमधून प्लास्टरमध्ये आणि तिथून थेट वरच्या विटेत शिरते. आत दीड-दोन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात, लोणा (पांढरा खार) लागतो. मग लोक आतून सिमेंटचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफ रंग लावतात. ओलीची वाट बंद होत नाही, ती फक्त आणखी वर चढते.

काँक्रीट डीपीसीच्या बरोबरीने ठेवलं तरीही भागत नाही. जोराचा पाऊस पक्क्या जमिनीवर आपटून सहज अर्धा फूट उडतो आणि भिंतीचा तेवढा पट्टा चार महिने भिजत राहतो. म्हणून पट्टीचा माथा डीपीसीच्या किमान 6 इंच, म्हणजे 150 मिलिमीटर खाली हवा. राष्ट्रीय इमारत संहितेत तर जोतं सभोवतालच्या जमिनीपासून किमान 450 मिलिमीटर उंच सांगितलं आहे. हा दीड फूट शोभेसाठी नसतो. अंगणात दोनदा सहा-सहा इंच भर टाकली की त्यातला एक फूट गेला.

डीपीसी कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही, कारण प्लास्टरने ती झाकलेली असते. बहुतेक घरांत ती आतल्या मूळ फरशीच्या आसपास असते. ‘मूळ’ या शब्दाकडे लक्ष द्या. आपल्याकडे जुन्या कोटा फरशीवर नवी टाईल चढवण्याची पद्धत आहे, त्यामुळे आजच्या फरशीपासून मोजलं तर दोन इंचांची चूक होते. जुन्या चुना-दगडाच्या घरांत डीपीसी नसतेच. तिथे बाहेरची जमीन खाली ठेवणं हा ओलीवरचा मुख्य इलाज आहे, आणि हा मेसेज नेमका तोच काढून घेतो.

‘काँक्रीटखालची जमीन कोरडी होते’ हेही खरं नाही. उघड्या मातीतून पाणी हवेत उडून जातं. वर झाकण घातलं की ते भिंतीच्या कडेने वाट शोधतं. त्यात आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेली पट्टी दोन-तीन वर्षांत उचलली जाते आणि उतार घराकडे फिरतो. मग प्रत्येक सर भिंतीशी तळं करते. त्यामुळे वरची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून ठोका, त्यावर 75 मिलिमीटर गिट्टीचा थर आणि मग 1:3:6 प्रमाणाचं (सिमेंट, वाळू, खडी) 50 मिलिमीटर काँक्रीट. गाड्या जाणार असतील तर अर्थात जास्त जाड. उतार बाहेरच्या बाजूला, फुटाला दोन ते तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दर पाच-सहा फुटांवर सांधा सोडा.

‘भिंतीला घट्ट भिडवा’ या सल्ल्याचं नुकसान इथेच दिसतं. हलणारी पट्टी आणि न हलणारी भिंत एकजीव होत नाहीत, त्यांच्यात तडा पडतोच. तो आपोआप पडण्यापेक्षा आपणच अर्ध्या इंचाचा सांधा ठेवून डांबर किंवा सीलंटने भरलेला बरा. तो पाहता येतो, दर दोन वर्षांनी पुन्हा भरता येतो.

आता वाळवी. ती काँक्रीट खात नाही हे बरोबर. तिला ते खायचंही नसतं, पलीकडे पोचायचं असतं. मिलिमीटरभर फटही तिला पुरते. काँक्रीटखालचा दमट अंधार, वरून चढवलेलं प्लास्टर आणि मागे सागवानी चौकट, याहून सोयीचा रस्ता तिला मिळणार नाही. जोतं उघडं असेल तर तिला मातीची नळी बांधत त्यावरून जावं लागतं, आणि ती नळी आपल्याला दिसते. महिन्यातून एकदा घराला फेरी मारून ती बघणं हा वाळवीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. जोतं झाकलं की तो गेला. भिंतीला टेकवलेल्या कुंड्या, लाकडं, जुनी दारं हाच प्रश्न निर्माण करतात. काम चालू असताना सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या काँक्रीटखाली राहिल्या नाहीत ना हे उभं राहून बघा.

औषध मारायचं असेल तर काँक्रीट ओतण्याआधी, भिंतीलगतच्या मातीत. नंतर करायचं झालं तर आयएस 6313 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे जोत्यालगत दर 300 मिलिमीटरवर काँक्रीटला भोक पाडून औषध सोडावं लागतं. तेही होतं, पण नवी पट्टी पहिल्याच वर्षी भोकं पाडायला कशाला करायची? घरात बोअर किंवा विहीर असेल तर ते आधी सांगा आणि तिच्याजवळ औषध सोडू देऊ नका.

राहिला रस्त्याचा मुद्दा, आणि तो पोकळ नाही. जुन्या वस्त्यांत थरावर थर घालून रस्ते खरोखर उंच झाले आहेत आणि पाणी फाटकातून आत येतं. पण त्यासाठी घरालगतची पातळी उचलायची गरज नाही. फाटकापाशीच पाच-सहा इंचांचा उंचवटा करा, त्याच्या आत जाळीची नाली घाला. पट्टीचं पाणी त्या नालीत, आणि नाली रस्त्याकडेच्या गटारात. गटारच वर असेल तर एक लहान हौद आणि पंप लागेल. हा खर्च खटकतो हे मला समजतं, पण सगळी भिंत खालून ओली होण्यापेक्षा तो कमी आहे.

ज्यांनी काँक्रीट आधीच वर घेतलं आहे, त्यांना सगळं अंगण फोडायला नको. भिंतीलगतचा फूटभर पट्टा कटरने कापून काढा आणि तिथे डीपीसीच्या सहा इंच खाली बसेल असा उताराचा पक्का चर करा. या चरात नुसती गिट्टी भरून सोडा असंही काही जण सुचवतात. काळ्या मातीत ते करू नका, कारण पाणी खाली मुरून पायाखालची माती फुगवतं. मोकळ्या झालेल्या जोत्याचं सिमेंट प्लास्टर खरवडा आणि आतला रंग लावण्याआधी भिंतीला एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या.