देव पाण्यात, टीम बर्फावर

आमच्या घरात मला 'पनवती' हा किताब १३ मार्च १९९६ रोजी मिळाला. विश्वचषकाची उपांत्य फेरी, ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका. साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारपाजारचे धरून चौदा माणसं टीव्हीसमोर बसलेली. सचिन ६५वर, भारत १ बाद ९८. कोणी जागचं हलायचं नाही असा आईचा हुकूम होता. पण मला तहान लागली. मांजरीच्या पावलांनी उठलो, माठातलं पाणी प्यालो, भांडं उपडं घालून वळतो तोच बाहेर एकच 'अरेरे'. सचिन यष्टिचित. पुढे १ बाद ९८चे ८ बाद १२० झाले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. हे सगळं माझ्या एका भांडंभर पाण्यापायी. आईने विचारलं, "उठला होतास का रे?" मी म्हणालो, "नाही." मिशीवर पाणी दिसेल एवढी मिशी तेव्हा आली नव्हती, त्यामुळे ओठ तेवढे पुसले.

साता समुद्रापलीकडे आलं की असली बिरुदं मागे राहतात असं मला वाटायचं. २०१३च्या सुरुवातीला टोरांटोत आलो आणि मे महिन्यात एका सहकाऱ्याने आग्रहाने घरी हॉकी बघायला बोलावलं. टोरांटो मेपल लीफ्स विरुद्ध बोस्टन, प्लेऑफची सातवी, निर्णायक मॅच. मी पोचलो तेव्हा लीफ्स ४-१ने पुढे, शेवटचा पीरियड चालू. यजमानाने माझ्या हातात सरबताचा ग्लास दिला आणि म्हणाला, "आता जल्लोष बघ." मी बघितला. बोस्टनने ४-४ केले आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ने मॅच नेली. यजमान बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. पुन्हा त्याने मला बोलावलं नाही.

इथे थोडा खुलासा हवा. ही हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची नव्हे. बर्फावर, पायात धारदार पात्यांचे बूट घालून, बालुशाहीएवढ्या काळ्या रबरी चकतीमागे धावायचं. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, म्हणजे पीरियड. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात मॅचपर्यंत झुंजायचं, आधी चार जिंकेल तो पुढे. असे चार संघ लोळवले की स्टॅन्ली कप. लीफ्सनी तो शेवटचा जिंकला १९६७ साली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कोयनेचा भूकंप झाला त्या साली?" तेव्हापासून आमच्या घरात लीफ्सचा कालखंड भूकंपापासून मोजतात.

तर गोष्ट आहे २०२५च्या मे महिन्याची. आई सहा महिन्यांसाठी टोरांटोशेजारी मिसिसागाला आमच्याकडे आलेली. लीफ्सनी पहिल्या फेरीत ओटावाला सहा मॅचमध्ये घरी पाठवलेलं, आणि पुढे गाठ होती फ्लोरिडा पँथर्सशी, म्हणजे गतविजेत्यांशी. गाड्यांच्या खिडक्यांना निळे झेंडे लागले. आमच्या डेंटिस्टच्या रिसेप्शनवरच्या बाई निळी जर्सी घालून तारखा देऊ लागल्या. शेजारच्या पाजींनी तर दाढीवरून विनोद केला. प्लेऑफ संपेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत, अशी इथे रीत आहे. पाजी म्हणाले, "आम्ही तर जन्मभर प्लेऑफमध्येच आहोत."

पहिल्या दोन मॅच टोरांटोत झाल्या. मी औषधांच्या गोदामात सेकंड शिफ्टला. पहिली ५-४, दुसरी ४-३, दोन्ही जिंकल्या. मला वाटलं, आपल्यावाचून संघाचं काय अडलंय. शुक्रवारी हट्टाने रजा टाकली आणि नेमका ४०१ हायवेवर अडकलो. घरी पोचलो तेव्हा लीफ्स ३-१ने पुढे. सोफ्यावर माझी बायको मेघा, मुलगी ईरा, पाजी आणि पाजींची बायको. आई खुर्चीत, मांडीवर वाती वळायचा कापूस. पाजी तिला पंजाबीमिश्रित हिंदीत समालोचन ऐकवत होते. आणि पाजींना ते जमतं, कारण २००८पासून इथे हॉकीचं समालोचन चक्क पंजाबीतूनही होतं आणि ते त्यावर पोसलेले. आईला खेळ त्या रात्रीत कळला. "ढकललं की दोन मिनिटं काचेच्या खोलीत कोंडतात. आम्हाला जोशी बाई वर्गाबाहेर उभं करायच्या तसंच की."

मी बूट काढले, हात धुतले, बसलो. ३-१चे ३-४ झाले. कसेबसे ४-४. मग ओव्हरटाइम, आणि त्यात फ्लोरिडाच्या ब्रॅड मर्शांने गोल करून मॅच नेली. हा मर्शां आधी बोस्टनला होता. २०१३, २०१८, २०१९, २०२४, चारही वेळा सातव्या मॅचमध्ये लीफ्सना घरी पाठवणाऱ्या संघात तो होता. साडेसाती साडेसात वर्षांत तरी सुटते. हा गृहस्थ बारा वर्षं मागे लागलेला, आणि आता जर्सी बदलून आला होता.

टीव्ही बंद झाल्यावर आईने वातीचं एक टोक पिळलं आणि शांतपणे विचारलं, "हा आला तेव्हा किती होते?"

कोणी बोललं नाही. पण ईराने ते ऐकलं. बारा वर्षांची पोर, शाळेत सायन्स फेअरला पहिली आलेली. तिने वही काढली.

चौथी मॅच रविवारी, मदर्स डेला. मी मुद्दाम आईच्या पायाशी बसलो, म्हणजे पुण्य आड येईल. ०-२. बुधवारी पाचवी, टोरांटोत. यावेळी जागा बदलून दाराजवळ बसलो. १-६. प्रेक्षकांनी अंगातल्या जर्स्या काढून बर्फावर फेकल्या. जर्सी काही स्वस्त मिळत नाही, त्यामुळे फेकणाऱ्यांच्या मनाची अवस्था मला समजली. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर वही उघडली गेली.

"बाबा, २०२०मध्ये फेब्रुवारीत तू कुठे होतास? २२ तारखेला?"

मी म्हटलं, शनिवार होता, घरीच असेन. ईराने मान डोलवली. त्या रात्री समोरच्या कॅरोलिना संघाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले होते. तेव्हा त्यांनी स्टँडमधून डेव्हिड एअर्स नावाच्या ४२ वर्षांच्या माणसाला उतरवलं. हा एरवी बर्फ गुळगुळीत करायची झांबोनी गाडी चालवायचा. लीफ्स त्याच्यासमोर ६-३ने हरले. म्हणजे कल्पना करा, वानखेडेवर रोलर चालवणाऱ्याच्या हातात ग्लोव्ह्ज दिले आणि त्याने मुंबईला हरवलं. मी ती मॅच पूर्ण बघितली होती, चहा पीत.

"आणि २०२३ला?"

२०२३ला तर मजाच झाली होती. २००४नंतर लीफ्सनी पहिल्यांदा प्लेऑफची एक मालिका जिंकली. जॉन टॅव्हारेसने टँपात ओव्हरटाइमला गोल मारला तेव्हा भारतात सकाळ होती. मी साताऱ्यात मावसभावाच्या लग्नात होतो, कार्यालयाबाहेर अक्षता पुड्यांत भरत. फोन वाजला तेव्हा मेघा पलीकडून नुसती किंचाळत होती.

"म्हणजे बाबा भारतात असताना जिंकतात," ईरा लिहिता लिहिता म्हणाली.

"अगं, तो योगायोग असतो," मी म्हटलं.

"सॅम्पल साइज वाढवू," ती म्हणाली.

आईने मग १९९६ काढलं. माठ, भांडं, सचिन, सगळं. मी मिसिसागातल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या हप्त्यांवर घेतलेल्या खुर्चीत बसून परत चौदा वर्षांचा झालो. मेघाला वाटलं आपण मध्यस्थी करावी. ती म्हणाली, "आई, असं काय, त्याचा काय संबंध?" आणि लगेच पुढे, "पण शुक्रवारी तू किराणा आणायला जाशील का? यादी मोठी आहे."

यादी खरोखर मोठी होती. तिच्यात साबुदाणा दोनदा लिहिला होता. सहावी मॅच फ्लोरिडात होती, हरलो तर संपलं. मी गाडीचा रेडिओ बंद ठेवून दुकानात गेलो, भाजणीसाठी लागणारी डाळ निवडत बसलो, परत येऊन पार्किंगमध्ये अंधारात चाळीस मिनिटं थांबलो. शेवटी वरून मेसेज आला: २-०, जिंकलो, वर ये. वर गेलो तर पाजींनी मिठी मारली. "वीरजी, आज तुम्ही फार छान खेळलात."

आता सातवी. रविवार, १८ मे, व्हिक्टोरिया डेची लाँग वीकेंड. सकाळी उठलो तर देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबाचा टाक तांब्याच्या घंगाळात बुडवून ठेवलेले. आपण 'देव पाण्यात घालून बसणे' सहज बोलतो. आईने ते अक्षरशः केलं होतं. मला म्हणाली, "तू दुपारनंतर बाहेर जा. लांब. फोन इथेच ठेव." मी म्हटलं, अगं, काही अडचण आली तर? "कोणाला? आम्हाला नाही येणार. तू नाहीस ना."

फोनशिवाय निघालो. पोर्ट क्रेडिटला, ओंटारिओ सरोवराच्या काठी. लाइटहाउसपाशी एरवी रविवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या संध्याकाळी मी, दोन हंस आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा. आजोबांनी विचारलं, "तुम्ही बघत नाही?" मी म्हटलं, "घरच्यांनी मना केलंय." आजोबा म्हणाले, "मलाही." आम्ही दोघं थोडा वेळ एका बाकावर गप्प बसलो. एवढं समजून घेणारा माणूस मला या देशात क्वचित भेटलाय.

लेकशोअर रोडवरच्या पबमधून आवाज येत होते. आवाजावरून स्कोअर कळू नये म्हणून मी कानात बोटं घालून रस्ता ओलांडला. पहिला पीरियड संपल्यावर लोक बाहेर सिगरेटी ओढायला आले तेव्हा त्यांचे चेहरे ना हसरे, ना रडके. म्हणजे ०-०. संघ उभा होता. माझी तपश्चर्या फळत होती.

आणि मग निसर्गाची हाक आली. १९९६ साली पाणी प्यायलो म्हणून घोटाळा झाला, यावेळी उलट. वाऱ्यात तास दीड तास हिंडल्यावर माणूस काय करणार? सार्वजनिक स्वच्छतागृहाला कुलूप. शेवटी एका पबमध्ये, पडद्यांकडे पाठ करून, कपाळावर हात धरून, थेट मागच्या बाजूला गेलो. आत उभा राहिलो आणि डोळे उघडले.

समोर, बरोबर नाकासमोर, टाइल्समध्ये बसवलेला टीव्ही होता.

ही अशी वेळ असते की माणसाला मधूनच निघून जाता येत नाही. मी डोळे मिटले. पण मिटण्याआधी जेमतेम तीन-चार सेकंद गेले असतील, आणि तेवढ्यात फ्लोरिडाच्या सेथ जोन्सची काठी हलली. भिंतीपलीकडून शंभरेक माणसांचा एकदम 'अरेरे' आला. भाषा वेगळी, पण 'अरेरे' तोच, साताऱ्यातला. शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने डोकं टाइलला टेकवलं. मी त्याला सॉरी म्हणालो. त्याला वाटलं धक्का लागला म्हणून.

पुढचं पेपरांत आलेलंच आहे. दुसऱ्या पीरियडमध्ये ०-३, तिसऱ्यात एक गोल करून जरा आशा लावली आणि शेवटी १-६. पुढे फ्लोरिडानेच कप जिंकला. घरी आलो तर पाजी निघून गेलेले, सोफ्यावर पोह्याच्या चिवड्याचा डबा उघडा. बाहेर कोणीतरी लाँग वीकेंडसाठी आणलेले फटाके उडवत होतं. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ईरा वही घेऊन दारातच उभी. "बाबा, तू बघितलंस?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

आई घंगाळातून एकेक देव काढून पंच्याने पुसत होती. तिने वर बघितलं नाही. "शहाण्णव सालीही असाच म्हणाला होता. ओठ पुसून." बाळकृष्णाच्या कानातलं पाणी तिने पंच्याच्या टोकाने टिपलं. "मेघा, हे पुढच्या वर्षी कधी असतं गं?"

"एप्रिलपासून, आई."

"मग याचं तिकीट आत्ताच काढून ठेव. साताऱ्याचं. जाऊन-येऊन नको, नुसतं जाण्याचं काढ. येण्याचं ते कुठवर पोचतात ते बघून ठरवू."