मामा, हेच लावू का?

भाचा एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर बघतो. काल त्याने एक फॉरवर्ड पाठवला: ‘लिनक्सवर डेटाबेसच्या बॅकअपला वेगळं सॉफ्टवेअर कशाला? रोज रात्री डेटा फोल्डर टारने थेट एसटी-झिरोवर टाका. डेटाबेस बंद करायची गरज नाही. रेड असेल तर टेपही नको.’ (टार म्हणजे अनेक फाइली एकात बांधणारा प्रोग्राम, एसटी-झिरो म्हणजे लिनक्समधलं टेप ड्राइव्हचं नाव, आणि रेड म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून जोडलेल्या अनेक डिस्क.) खाली प्रश्न: “मामा, आजपासून हेच लावू का?”

नको रे बाबा.

‘बंद करायची गरज नाही’ हे सगळ्यात घातक. टार एकेक फाइल वाचत पुढे जातं. पहिली दहाला वाचली, शेवटची पावणेअकराला. रात्री काउंटर बंद असतो, कबूल. पण दिवसअखेरीची प्रोसेस तेव्हाच चालते ना? मग टेपवर खात्याची फाइल व्याज जमा होण्याआधीची आणि व्यवहारांची नंतरची. शिवाय ताजे बदल मेमरीतच असतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय: अशी साधी फाइल-कॉपी घ्यायची तर सर्व्हर बंदच हवा, नुसती कनेक्शनं तोडून भागत नाही. चालू ठेवायचाय? चालू सर्व्हरचा बॅकअप घेणारे पीजी-डंप आहे, पीजी-बेसबॅकअप आहे. दोन्ही पोस्टग्रेसबरोबर फुकट येतात. म्हणे सॉफ्टवेअर कशाला!

दुसरं, एसटी-झिरो. काम संपलं की ही एसटी डेपोत परत जाते, म्हणजे टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. त्याच टेपवर मंगळवारचा बॅकअप सोमवारच्या उरावर. मी स्वतः एकदा क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तीन डेटाबेसचे तीन टार ओळीने लावले होते. रीस्टोरच्या दिवशी टेपवर एकच निघाला, तिसरा. न गुंडाळणारं डिव्हाइस एनएसटी-झिरो. त्यावरही लिहिण्याआधी एमटी या टेप हलवणाऱ्या कमांडला ‘ईओडी’ (एंड ऑफ डेटा) सांगून टेप डेटाच्या शेवटापर्यंत न्यायची.

रेडबद्दल काय बोलायचं! कुणी चुकून टेबल उडवलं तर रेड ते सगळ्या डिस्कवरून इमानदारीने उडवतं. 2011 मध्ये सॉफ्टवेअरमधल्या बगमुळे काही जीमेल खाती रिकामी झाली. गूगलकडे डेटाच्या अनेक प्रती होत्या, तरी काहींमधला डेटा गेलाच. मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या.

टार टेपसाठीच जन्मलं, नावातच ‘टेप आर्काइव्ह’ आहे, एवढं त्या फॉरवर्डवाल्याचं खरं. टारवर राग नाहीच; त्याला डंपची फाइल दे, चालू डेटाबेसचं डेटा फोल्डर देऊ नकोस.

आज रात्री तेवढंच कर. शनिवारी ती टेप जुन्या मशीनवर रीस्टोर कर, एकूण ठेवींची रक्कम त्या दिवशीच्या तेरजेशी (खात्यांच्या शिल्लकांच्या गोषवाऱ्याशी) ताडून बघ, आणि दोन्ही आकडे मला पाठव.