हिचे कोणी गेले आहे का?

परवा पशुवैद्यांच्या दवाखान्यात, दहा-बारा माणसे आणि तितकीच जनावरे ऐकत असताना, मला निर्दय ठरवण्यात आले. आणि ज्यांनी ठरवले त्यांच्याजवळ स्वतःचे एकही जनावर नव्हते, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. परसातल्या कोंबड्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी सापडतात का, हे अधूनमधून तपासून घेण्याचा माझा शिरस्ता आहे. त्यासाठी झाकणाच्या एका डबीत नमुना घेतला होता, आणि एका कोंबडीच्या तळव्याला गाठ आल्यासारखी वाटत होती म्हणून तिलाही पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून सोबत नेले होते. दुर्दैव इतकेच की नेमकी तीच कोंबडी पिसे बदलत होती.

पिसे बदलणारी कोंबडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना तिची अवस्था शब्दांत सांगणे अवघड आहे. दिवस लहान होऊ लागले की प्रौढ कोंबडी जुनी पिसे टाकू लागते. आधी डोके व मान, मग छाती, पाठ आणि शेवटी शेपूट असा तो क्रम साधारणपणे चालतो. दोन-तीन महिने ती अंडी देणे जवळजवळ बंद करते, कारण पिसांचा सुमारे ८५ टक्के भाग प्रथिनांचा असतो आणि अंगात असेल-नसेल ते सारे प्रथिन नवी पिसे उगवण्याकडे वळते. काही कोंबड्या हे काम सभ्यपणे, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने उरकतात. माझी त्या स्वभावाची नाही. तिने मानेवरची, छातीवरची आणि शेपटीची पिसे जवळजवळ एकदमच टाकून दिली होती, आणि उघड्या कातडीतून नव्या पिसांच्या निळसर सुया वर आल्या होत्या. कोणीतरी सोलायला घेऊन मध्येच जेवायला उठून जावे, तसा तिचा एकंदर नूर होता.

शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी खोक्यात वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि अत्यंत हळुवार आवाजात मला विचारले, "हिचे कोणी गेले आहे का?"

मी म्हणालो, "नाही. ती पिसे बदलते आहे. दरवर्षी बदलते."

"कळपातले कोणी?"

"कळपातले सगळे ठणठणीत आहेत."

"तुमच्या दृष्टीने," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले. "पण तिला आतून तसे वाटत असेल."

यावर काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. कोंबडीलाही सुचले नसावे, कारण तिने फक्त एक डोळा फिरवून त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे पाहिले आणि ती खाण्याजोगी आहे का, याचा अंदाज घेतला. आपण आपला पाळीव प्राणी कुठे ठेवला आहे, असे मी विषय बदलण्यासाठी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की ते जनावर पाळत नाहीत, कारण त्यांना बंधन सोसत नाही. मात्र जनावरे आणि त्यांचे मालक यांच्यातला दुरावा दूर करण्यासाठी ते वेळ मिळेल तसे इथे येऊन बसतात. मी घड्याळाकडे पाहिले. माझ्या पुढे तीन कुत्री, दोन मांजरे आणि एक कासव होते.

"खायला काय घालता?"

"अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य. सध्या थोडे जास्त प्रथिनांचे."

"तयार?" हा शब्द त्यांनी इतक्या मोठ्याने उच्चारला की समोरच्या बाईंनी आपल्या कुत्र्याला जवळ ओढून घेतले. "म्हणजे पोत्यातले?"

होय, पोत्यातले. मला त्याची लाज वाटत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते, आणि हे प्रमाण सांभाळून बनवलेले खाद्य दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम मिळाले की तिचे भागते. बाकीचे सारे, मग ते पालेभाज्यांचे देठ असोत, किडे असोत किंवा भोपळ्याच्या बिया असोत, तोंडी लावण्यापुरते; एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. हे मी त्यांना सांगू लागलो, पण ते तोवर खिशातून एक वही काढून तिच्यात "पोते" असे लिहीत होते.

त्यानंतर उपचार सुरू झाले. पिण्याच्या पाण्यात सफरचंदाचा व्हिनेगर हवाच, असे त्यांनी बजावले. मी म्हणालो की चार लिटर पाण्याला चमचाभर घालणारे पुष्कळ लोक आहेत, त्याने भांड्यात शेवाळ थोडे कमी धरते आणि कोंबडीचेही काही बिघडत नाही. फक्त भांडे जस्ताचा मुलामा दिलेले नसावे, कारण आम्लाने तो मुलामा झिजतो आणि जस्त पाण्यात उतरते. यावर ते मंद हसून म्हणाले, "भांडे बदला. विचार बदला." व्हिनेगर बदलण्याचा पर्याय त्यांनी दिला नाही.

मग लसूण आला. लसणाने उवा पळतात, जंत पळतात, सर्दी पळते. त्यांच्या बोलण्यावरून खुराड्यात लसूण तेवढा मागे राहतो. थोडा ठेचलेला लसूण कोंबड्या आवडीने खातात, हे खरे आहे. पण लसूण हा कांद्याचाच भाऊबंद असून कांद्याचे अति प्रमाण कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असते, तेव्हा वाटीवाटीने लसूण घालण्याचा उत्साह मला झेपत नाही. मी "थोडा" म्हणालो. त्यांनी वहीत "संशयी" असे लिहिले. मला ते तिरक्या नजरेने स्पष्ट वाचता आले.

हळद, ओवा, दालचिनी, मध, समुद्री शेवाळ यांची मात्रा त्यांनी एकामागून एक सांगितली. ती सारी मी मनातल्या मनात मिळवून पाहिली, तेव्हा असे दिसले की त्यांच्या पथ्याने जगणाऱ्या कोंबडीच्या पोटात दाणा जाण्यास जागाच उरत नाही. ती निरोगी असेल. फक्त उपाशी असेल.

"आणि जंतांसाठी भोपळ्याच्या बिया," ते म्हणाले, "म्हणजे इथे येण्याची वेळच येत नाही."

जंत आहेत की नाहीत हे बियांना विचारता येत नाही, म्हणून नमुना आणला आहे, असे मी म्हणालो आणि मांडीवरच्या डबीकडे बोट दाखवले. माझे वाक्य त्यांनी कितपत ऐकले, ठाऊक नाही. त्यांनी डबी उचलली, झाकण काढले, "हे कोणते चूर्ण?" असे विचारले, आणि मी तोंड उघडण्याच्या आत ती नाकाशी नेऊन दीर्घ श्वास घेतला. सगळा कक्ष स्तब्ध झाला. कासवाने मान आत घेतली. त्या गृहस्थांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि मान हलवून निर्णय दिला, "लसूण कमी आहे."

त्यात काय आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी डबी शांतपणे परत केली, रुमालाने नाक पुसले आणि म्हणाले, "तरीच."

इथे थोडे विषयांतर करतो, कारण या पदार्थाविषयी लोकांच्या मनात जेवढे अज्ञान आहे तेवढे अंड्याविषयी नाही. कोंबडी दोन प्रकारची विष्ठा टाकते. नेहमीची घट्ट, वर पांढरी टोपी असलेली; आणि दर आठ-दहा वेळांनंतर एकदा येणारी पातळ, तपकिरी, चिकट आणि विलक्षण दुर्गंधी असलेली, जी अंधांत्रातून, म्हणजे आतड्याच्या एका बाजूने बंद असलेल्या पिशवीतून, येते आणि पूर्णपणे निरोगी असते. नवखे पाळणारे दुसरी पाहून घाबरतात आणि औषधे शोधू लागतात. रक्त दिसले, विशेषतः पिल्लांत, तर मात्र घाबरावे, कारण ती रक्ती हगवण असू शकते आणि तिला मध-दालचिनी पुरत नाही. रोज सकाळी, कोंबड्या रात्री ज्यावर बसून झोपतात त्या दांड्याखालची विष्ठा पाहणे हे कोंबडीपालनातले सर्वांत उपयुक्त वाचन आहे. ते कोणी फुकट शिकवत नाही. बाटलीतली मात्रा सांगायला मात्र माणसे रांगेत उभी असतात.

माझा खरा राग इथे आहे. कोंबडीचे आरोग्य ज्या गोष्टींवर उभे असते त्या इतक्या रटाळ आहेत की त्यांवर कोणाला प्रवचन देता येत नाही. पाण्याचे भांडे रोज घासणे. कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त, आणि अंड्याचाही जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. पण "भांडे घासा" या सल्ल्याला वहीत जागा नसते. खुराड्यात अंथरलेले तूस ओले झाले की काढून कोरडे घालणे, आणि खुराड्यात वाकून स्वतः श्वास घेऊन पाहणे: डोळ्यांना अमोनिया झोंबला तर तो कोंबडीला रात्रभर झोंबतो आहे आणि तिच्या श्वासनलिकेचे नुकसान करतो आहे. हवेसाठी झरोके दांड्याच्या वर असावेत, म्हणजे झुळूक अंगावर न येता दूषित हवा बाहेर जाते. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, खाद्यात कालवू नये, कारण अंडी देणारी कोंबडी आपल्या गरजेपुरता उचलते आणि न देणारीला तो नको असतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, कवच घडण्यास वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री चालते; जाड चुरा पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या जठरात, सावकाश विरघळत राहतो म्हणून तो रात्री उपयोगी पडतो. दाणे दळण्यासाठी लागणारे बारीक खडे ही निराळी वस्तू आहे, शिंपले त्यांचे काम करीत नाहीत. हे मी कित्येकांना समजावले आहे आणि कित्येकांनी मला पुन्हा तेच विचारले आहे.

उवा आणि लाल किडे यांच्याबाबतही तीच कथा. त्या गृहस्थांनी डायटमच्या, म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या अश्मीभूत कवचांच्या, भुकटीची स्तुती केली. ती नैसर्गिक आहे, यात शंका नाही, पण ती कोरडी असेपर्यंतच काम करते आणि तिची बारीक धूळ कोंबडीच्या व आपल्याही फुप्फुसांना त्रास देते. कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख यांचा आडोशाखालचा खड्डा दिला की कोंबडी स्वतःच लोळून अंगावरचा बराचसा बंदोबस्त करते. लाल किडे तर दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतही नाहीत. ते दांड्याच्या फटींत दडतात आणि रात्री येऊन रक्त पितात. म्हणून रात्री विजेरी घेऊन जावे, दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवावा, आणि तांबडे डाग उमटले तर सल्लागारांना नव्हे, फटींना शरण जावे. रात्री परसात वाकून उभे राहिलेले असताना मला आजवर एकही सल्लागार भेटलेला नाही.

"लस वगैरे टोचत नाही ना?" त्यांनी शेवटी विचारले. टोचतो, असे मी म्हणालो. तेव्हा ते खोक्यातल्या कोंबडीकडे पाहून, मला वगळून, तिलाच म्हणाले, "सोस बाई."

इथे माझी हसण्याची हौस संपली. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की लसूण खाल्लेली आणि न खाल्लेली कोंबडी ती वेगळी ओळखत नाही. मॅरेकच्या रोगाची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच द्यावी लागते, आणि नंतर कितीही हळद घातली तरी लुळे पडलेले पाय सरळ होत नाहीत. नवी कोंबडी आणली की तीन-चार आठवडे तिला वेगळे ठेवावे, तिची कामे शेवटी करावीत, नंतर हात साबणाने धुवावेत. हे सारे अनैसर्गिक आहे, हे मला मान्य आहे. कळपातली कोंबडी आजार लपवते, कारण दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात. ती तुरा फिका पाडून, मान आखडून कोपऱ्यात बसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. तेव्हा मालकाने रोज संध्याकाळी दोन मिनिटे उभे राहून कोण दाण्यावर धावून आली नाही, हे पाहावे. त्या दोन मिनिटांची बाटली निघालेली नाही, म्हणून त्यांची शिफारस कोणी करीत नाही.

आमचा क्रमांक आला. पायाला काही विशेष नव्हते, नमुनाही स्वच्छ निघाला. बाहेर येताना गृहस्थ कासवाच्या मालकाला त्याच्या कासवाचे एकटेपण समजावून देत होते.

घरी हा प्रकार शेजारच्या वहिनींना सांगितला, कारण आमची अंडी त्यांच्याकडे जातात आणि सहानुभूतीची थोडी अपेक्षा ठेवण्यास जागा होती. त्यांनी खोक्यात पाहिले, हळहळल्या, आणि हिला रोज हळद द्या म्हणाल्या. मी म्हणालो, हळद देतो. पुढच्या आठवड्यात आम्ही दोन दिवस बाहेरगावी जातो आहोत, तेव्हा सकाळी पाणी बदलून दांड्याखालचा विष्ठा पडण्याचा फळा तेवढा खरवडाल का? वहिनींना तो वास सोसत नाही. हळद मात्र त्या घरची पाठवणार आहेत, आणि अंड्यांचे काय करायचे, हे त्यांनी जाता जाता विचारून घेतले.