उभ्याचं माप नको हो!

पुन्हा तेच! काल सिडकोतले एक काका आले, मुलाची जुनी पँट पुढ्यात टाकली. "ह्याच मापाची शिवा." मुलगा व्हीलचेअरवर, माप उभ्याचं! अहो, बसल्यावर मागची कंबर खाली सरकते, पोटाशी कापडाचा बोंगा होतो, पाय आखूड पडतात. म्हणून पँटचं मागचं आसन (कंबरपट्ट्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) उंच, पुढचं कमी. आणि मागचे खिसे लावणारच नाही! जाड शिवणीवर दिवसभर बसून कातडीला जखम होते. जिथे संवेदनाच नाही, तिथे कळणार कधी?

काका म्हणे, "खिशाशिवाय पँट बरी दिसत नाही." कोणाला, खुर्चीच्या पाठीला?

मुलालाच आणा म्हटलं, तर रविवार कारंजावरच्या माझ्या गाळ्याला तीन पायऱ्या. (मालकाला रॅम्पचं सांगून जीभ झिजली.) आता मीच टेप घेऊन सिडकोत जाते.