तंबोऱ्याचा खर्ज कापू नका हो!

गाण्याचं मिक्सिंग करताना प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या नि गळ्याच्या वेगळ्या रेकॉर्डिंगवर, डोळे झाकून हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारा) लावायची ही काय खोड आहे? ‘खालचं सगळं कापा, मिक्स (सगळे ट्रॅक मिळून होणारं गाणं) स्वच्छ होतं’ असं कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं, की झालं! अहो, काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरणाऱ्या) गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झवर असतो. तुम्ही १५० हर्ट्झवर २४ डेसिबल प्रति सप्तक उताराचा (दर सप्तक खाली २४ डेसिबलने आवाज उतरवणारा) फिल्टर ठोकलात, की तो मूळ स्वर पंचवीसेक डेसिबलने खाली जातो. मागे राहतो नुसता तारांचा चरचराट. तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचंही तेच. घुमारा गेला, टकटक उरली. मग हेच लोक म्हणणार, ‘मिक्स पातळ वाटतोय’, आणि ईक्यूने (वेगवेगळे हर्ट्झ कमी-जास्त करायच्या साधनाने) १०० हर्ट्झ उचलणार! मग आधी कापलंच कशाला?

गायकाच्या माइकवर पंख्याची घरघर आहे, ‘प’, ‘भ’चे फुत्कार आहेत, तिथे ८० हर्ट्झच्या आसपास लावा की खुशाल. पण सगळी वाद्यं चालू ठेवून फिल्टर हळूहळू वर न्या आणि आवाज अंग सोडायला लागला की मागे या. आणि कृपा करून हे लॅपटॉपच्या स्पीकरवर ठरवू नका, त्यातून ६९ हर्ट्झ ऐकूच येत नाही!